लाल बटणाआधीचे प्रश्न

सुरुची वेलणकरला फोनवर बोलताना बसता येत नसे. हेडसेटची वायर पुरेल तेवढ्या जागेत ती येरझाऱ्या घालायची. ऑफिसातल्या कार्पेटवर तिच्या खुर्चीमागे एक फिकट पट्टा उमटला होता. तिचा टीम लीडर ग्रॅहम नव्या लोकांना तो पट्टा हौसेनं दाखवायचा.

मी आणि सुरुची क्राइस्टचर्चला रिकार्टनमध्ये एका फ्लॅटमध्ये चार वर्षं राहिलो. मी युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये कामाला. ती २०१३ मध्ये बदलापूरहून बिझनेसचा डिप्लोमा करायला आली होती. डिप्लोमा संपल्यावर ॲडिंग्टनच्या एका कंपनीत लागली. घरांतले हीट पंप, गॅसचे हीटर, डिझेलचे बॉयलर विकायचे आणि दुरुस्त करायचे, हा त्यांचा धंदा. सुरुची मदतीच्या फोनवर बसायची, म्हणजे उभी राहायची. लोकांची घरं गरम करून ती संध्याकाळी आमच्या घरी यायची. आमच्याकडे दोघींत मिळून एकच इलेक्ट्रिक हीटर होता आणि तो एका वेळी एकीच्याच खोलीत चालायचा.

कामात ती चांगली होती. हीट पंपाच्या बाहेरच्या युनिटवर बर्फ साचला म्हणून किटलीतलं उकळतं पाणी ओतायला निघालेल्या माणसाला तिनं फोनवरूनच अडवलं होतं. ते युनिट स्वतःच बर्फ वितळवतं, त्याला दहा मिनिटं द्या, एवढंच तिनं सांगितलं. पण वर्क व्हिसावर कंपनीचं नाव छापलेलं होतं. नोकरी गेली तर देशही सुटला. त्यामुळे घड्याळावर तिचं सतत लक्ष असे. एक फोन सरासरी सहा मिनिटांत संपवायचा, असा नियम होता.

२०१६ च्या जुलैमधली, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातली गोष्ट. शुक्रवार होता, पावणेपाच वाजले होते, रांगेत अकरा फोन थांबले होते. जेराल्डीन गावाबाहेरच्या एका फार्महाउसवरून डोरीन नावाच्या बाईंचा फोन आला. वय एकोणऐंशी, नवरा वारलेला, घरात त्या आणि टिप नावाचा म्हातारा कुत्रा. डिझेलचा बॉयलर सकाळपासून बंद होता. सुरुचीनं कंपनीनं दिलेल्या कागदावरचे नेहमीचे प्रश्न विचारले. टाकीत डिझेल आहे का, भिंतीवरचा स्विच चालू आहे का, थर्मोस्टॅट वर आहे का. सगळं ठीक होतं. बर्नरवरचं लाल बटण मात्र पेटलेलं होतं. याचा अर्थ, ज्योत दिसली नाही म्हणून यंत्रानं स्वतःला कुलूप लावून घेतलं होतं.

एकदाच दाबा, तीन सेकंद धरा आणि सोडा, असं सुरुचीनं सांगितलं. डोरीननी दाबलं. फोनमधून बर्नर पेटल्याचा धडधड आवाज सुरुचीला ऐकू आला. डोरीन खूश होऊन हसल्या. म्हणाल्या, या दक्षिणेच्या गार वाऱ्यानं जीव नकोसा केला होता, आत्ता कालच मी लाँड्री, कपडे धुवायची खोली, कशी मस्त स्नग, ऊबदार करून टाकली, आता हेही चालू झालं. सुरुचीही हसली, “स्वीट ॲज”, म्हणजे एकदम मस्त, असं म्हणाली. परत बंद पडला तर परत एकदा दाबा, तरी नाही पेटला तर फोन करा, असं सांगून तिनं नोंदीपुढे ‘रिझॉल्व्ड’ लिहिलं. सहा मिनिटं आणि काही सेकंद झाले होते. लगेच पुढचा फोन घेतला.

शनिवारी आम्ही लिटलटनच्या बाजारात गेलो. सुरुचीनं ब्रेड घेतला आणि दुकानातच विसरली. परत येताना बोगद्यात म्हणाली, “कालचा एक फोन मनात अडकलाय. कुठला ते कळत नाहीये.” मी म्हटलं, झोप झाली नसेल. घरी आल्यावर तिनं धुतलेले कपडे घडी करून ठेवले, परत काढले, परत घडी केले. संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा दोन मिनिटांत ठेवला. असं ती कधी करत नसे.

रविवारी दुपारी एकच्या सुमाराला वारा पुन्हा सुटला. तिच्या खोलीची खिडकी नीट बसत नसे. ती फटीत जुना टॉवेल कोंबत होती आणि मी दारात उभी राहून काहीतरी सांगत होते. तिचा हात मध्येच थांबला.

“विनया, लाँड्री स्नग केली म्हणजे तिनं काय केलं असेल?”

मला काहीच संदर्भ नव्हता. तिनं तो भराभर सांगितला. घराच्या आत, बहुतेक वेळा लाँड्रीतच, बॉयलर असला तर तो त्याच खोलीतली हवा घेऊन जळतो, म्हणून भिंतीत एक जाळी कायम उघडी ठेवलेली असते. त्या जाळीतून वारा येतोच, यायलाच हवा. हे तिला विरेमू नावाच्या त्यांच्या टेक्निशियननं एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं होतं. ती जाळी बुजली तर डिझेल अर्धवट जळतं आणि घरात कार्बन मोनॉक्साइड भरतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. “आणि मी तिला बॉयलर कुठे आहे, हे विचारलंसुद्धा नाही.”

डोरीनचा नंबर तिच्याकडे नव्हता, तो ऑफिसच्या सिस्टिममध्ये होता. ग्रॅहम फोन उचलेना. सुरुचीनं चपला घातल्या, काढल्या, बूट घातले. मी गाडी काढली. रिकार्टन ते ॲडिंग्टन दहा मिनिटांचाही रस्ता नाही, पण प्रत्येक सिग्नलला ती पाय आपटत होती. मध्येच म्हणाली, काही नसेल, उगाच चाललोय. पुढच्या सिग्नलला म्हणाली, लवकर चल.

तिच्या कार्डानं दार उघडलं. आत कोणी नव्हतं. नंबर सापडला. तिनं स्पीकर लावला. पहिल्यांदा घंटी वाजून वाजून बंद झाली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा बऱ्याच वेळानं कोणीतरी फोन उचलला.

डोरीनचा आवाज जड होता, शब्द ओढत ओढत येत होते. सुरुचीनं ओळख सांगितली. हो हो, त्या म्हणाल्या, छान चाललाय, मधून मधून बंद पडतो, मग मी बटण दाबते. किती वेळा दाबलं? मोजलं नाही गं, काल सात-आठ वेळा असेल. डोकं दुखतंय का? कालपासून दुखतंय, फ्लू असावा. सकाळी कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर गेले तेव्हा जरा बरं वाटलं होतं. आणि टिप? टिप लाँड्रीत बॉयलरजवळ त्याच्या अंथरुणावरच आहे, सकाळपासून उठला नाही, म्हातारा झालाय. भिंतीतली जाळी? ती होय, तिथे मी एक जुनी उशी कोंबलीये.

सुरुची एकाच जागी उभी होती. फोनवर बोलताना तिला असं उभं मी पहिल्यांदाच पाहिलं.

“डोरीन, ऐका. आता बटण दाबायचं नाही. लाँड्रीत जायचं नाही, बॉयलर बंद करायलासुद्धा नाही. कोट घ्या आणि पुढच्या दारानं बाहेर पडा. दार उघडं ठेवा. फोन टेबलावर तसाच राहू द्या.”

बाहेर गोठायला होतंय, डोरीन म्हणाल्या, थोडं बसते आणि मग जाते. सुरुची म्हणाली, नाही, आत्ता. मग टिपला घेऊन जाते, त्या म्हणाल्या.

“टिपला नाही,” सुरुची म्हणाली. “त्याला माणसं येऊन बाहेर काढतील. तुम्ही एकट्या जा.”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं, सावकाश, अडखळत. मी माझ्या मोबाइलवरून एकशेअकरा या तातडीच्या नंबरला फोन लावून पत्ता सांगितला. सुरुचीनं शेजारच्या टेबलावरच्या फोनवरून विरेमूला गाठलं. तो म्हणाला, बरोबर केलंस, घरात हवा खेळेपर्यंत कोणी आत जायचं नाही, मी निघतो, पण मला दोन तास लागतील.

त्यानंतर आम्ही थांबलो. डोरीनच्या स्वयंपाकघरातला फोन उघडाच होता. त्यातून फ्रीजची घरघर येत होती, बाकी काही नाही. दाराचा आवाज आम्ही ऐकला होता की नाही, यावर आम्हा दोघींचं एकमत होईना. सुरुची फोनवर वाकून हाका मारू लागली. “डोरीन, बाहेर जा. डोरीन, ऐकू येतंय का? बाहेर जा.” थोडा वेळ थांबायची, खिडकीपर्यंत जायची, परत यायची, परत हाका. तिचा घसा बसला. मी पाणी आणलं, ते तिनं प्यायलं नाही. अशी पस्तीस मिनिटं गेली.

मग फोनमध्ये बुटांचा आवाज आला आणि एक पुरुष बोलला. गावच्या फायर ब्रिगेडचा स्वयंसेवक होता. बाई बाहेर पायरीवर बसलेल्या सापडल्या, म्हणाला. कोट अंगावर आहे, गोंधळलेल्या आहेत, पण शुद्धीवर आहेत. ऑक्सिजन लावलाय. सुरुचीनं कुत्र्याचं विचारलं. तो सॉरी म्हणाला.

डोरीन दोन रात्री हॉस्पिटलमध्ये राहिल्या. सोमवारी विरेमूनं ऑफिसात सगळं सांगितलं. जाळीत उशी होतीच, धुराड्यात काजळीचा थर होता. शिवाय प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात थोडं थोडं डिझेल न जळता आत साचलं होतं. ते एकदम पेटलं असतं तर बॉयलरचं दार उडून भिंतीवर आदळलं असतं. हे बटण म्हणजे काही स्टार्टर नाही, तो म्हणाला. यंत्र काहीतरी सांगत असतं आणि आपण त्याला गप्प करतो.

शुक्रवारच्या फोनचं रेकॉर्डिंग मॅनेजरनं ऐकलं. सुरुचीनं कागदावर लिहिलेलं सगळं जसंच्या तसं विचारलं होतं, चूक तिची नाही, असं ठरलं. फक्त त्या कुटुंबातल्या कोणाशी बोलू नकोस, अशी ताकीद मिळाली. बुधवारी डोरीनच्या मुलीनं वेलिंग्टनहून फोन केला आणि नाव घेऊन सुरुचीलाच मागितलं.

“आईला बटण दाबायला तूच सांगितलंस?”

“हो,” सुरुची म्हणाली. “बॉयलर कुठे आहे, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.”

मुलगी म्हणाली, “मग रविवारी फोन का केलास?”

“चैन पडत नव्हतं.”

मुलीनं फोन ठेवला. धन्यवाद नाही, शिव्याही नाहीत. हे सगळं सुरुचीनंच जाऊन ग्रॅहमला सांगितलं. तो डोकं धरून बसला. पुढचे पंधरा दिवस रोज घरी आल्यावर ती आधी पत्रपेटी उघडायची, मग दार. जेवताना मध्येच उठून ईमेल पाहायची. व्हिसा गेला तर कुठल्या वस्तू मला देऊन जायच्या, हेही तिनं एकदा सांगून टाकलं. मी तिच्यावर चिडले.

कामावरून काढल्याचं पत्र आलं नाही. त्याऐवजी मॅनेजरनं तिला आणि विरेमूला बसवून कागद बदलायला सांगितला. लाल बटणाचं नाव काढण्याआधी चार प्रश्न आले. यंत्र घरात आहे की बाहेर? त्याच्या आसपास, भिंतीतल्या जाळीवर किंवा धुराड्यावर काही झाकलंय का? बटण आधी किती वेळा दाबलंय? घरात कोणाचं डोकं दुखतंय का, कोणी मरगळलंय का, जनावरं धरून? जनावरांवरून मॅनेजर अडला होता, लोक हसतील म्हणाला. सुरुचीनं ते शब्द काढू दिले नाहीत.

ऑक्टोबरमध्ये डोरीननी स्वतः बोलावलं म्हणून मी तिला जेराल्डीनला घेऊन गेले. बॉयलर काढून टाकलेला होता, भिंतीवर नवा हीट पंप होता. डोरीननी चहा आणि स्कोन्स दिले. कोकरांचं, पावसाचं, नातवंडांचं बोलल्या. सुरुची खुर्चीच्या कडेवर बसून होती. शेवटी डोरीनच म्हणाल्या, “तू मला त्याला बाहेर काढू दिलं नाहीस.”

“नाही दिलं.”

“मी गेले होते. लाँड्रीच्या दाराची मूठ हातात होती. स्वयंपाकघरातल्या फोनमधून तू ओरडत होतीस. इतकी ओरडत होतीस की मला लाज वाटली. मग बाहेर गेले.” त्यांनी सुरुचीच्या कपात आणखी चहा ओतला. “चौदा वर्षांचा होता,” त्या म्हणाल्या.

सुरुचीनं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं तोंड फिरवलं नाही.

त्यानंतर दोन हिवाळे ती फोनवरच होती. तिचा एक फोन आता नऊ-नऊ मिनिटं चालायचा आणि महिन्याच्या तक्त्यात ती तळाला असायची. ग्रॅहम तक्ता दाखवायचा आणि पुढच्या टेबलाकडे जायचा. २०१८ मध्ये तिला रेसिडेन्सी, म्हणजे कायम राहायची परवानगी मिळाली. त्याच आठवड्यात तिनं फोन सोडून विरेमूच्या हाताखाली बर्नरचं काम शिकायला मागितलं. बदलापूरला आईला हे पटायला वेळ लागला. डिप्लोमा कशाला केला मग तिनं, असं त्या मलाही विचारायच्या.

आता २०१९ चा हिवाळा आहे. मागच्या महिन्यात ॲशबर्टनला एक बॉयलर दुरुस्त करून ती आणि विरेमू व्हॅननं परत येत होती. राकाईयाच्या पुलापर्यंत आल्यावर सुरुचीनं गाडी थांबवायला लावली. त्या घराच्या बाहेर धुराड्याच्या तोंडासमोर लाकडं रचलेली होती. ती हलवायला घरमालकाला सांगितलं होतं, पण त्यानं खरंच हलवली का, ते पाहायचं राहिलं होतं. विरेमू म्हणाला, फोन करू. तिनं फोन केला, कोणी उचलला नाही. मग त्यानं गाडी वळवली.

लाकडं हलवलेली होती. घरमालक बागेत होता, म्हणून त्यानं फोन ऐकला नव्हता. काय राहिलं, त्यानं विचारलं. काही नाही, सुरुची म्हणाली, फक्त बघायचं होतं. त्यानं दोघांना बागेतल्या फिजोआच्या फळांची एक पिशवी भरून दिली.