तुसाच्या कोळशाचं पाणी

पाणी कुठलंही असो, भाऊ ते आधी हुंगायचे. "पहिले नाकाले इचारा, मंग तोंडाले द्या." माझ्या दुकानात ग्लासभर पाणी दिलं तरी तेच. गिऱ्हाइकांसमोर मला ओशाळं व्हायचं. दुकान फवारणीच्या औषधांचं होतं ना.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मूल तालुक्यातल्या एका गावात बोडीत, म्हणजे छोट्या तलावात, ते मासे पाळायचे. धानावरची फवारणी आटोपून एका शेतकऱ्यानं पंप त्या बोडीत धुतला. दोन दिवसांत मासे उलटे तरंगले. वाचले सात मरळ. पुढच्या वर्षीचं बियाणं तेवढंच. त्यांनी ते घरामागच्या टाक्यात ठेवले. गावात विहीर एकच. "ते मानसाइची हाये," म्हणाले, आणि बोडीचंच पाणी गाळायला बसले.

खड्ड्यात धानाचं तूस पेटवायचं आणि वरून ओली माती लोटायची. "जाळलं तं राख, कोंडलं तं कोळसा." तो कोळसा भोक पाडलेल्या मडक्यात वाळूवर भरायचा. थेंबथेंब गळलेल्या पाण्यात आधी एक बारकी मासोळी सोडायची. संध्याकाळपर्यंत ती फिरत राहिली, तरच ते पाणी मरळांना. मेली तर म्हणायचे, "कोळशाचं पोट भरलं गा." मग तो कोळसा पाण्यापासून लांब, खोल पुरायचा. शेतात कोणाला टाकू द्यायचे नाहीत.

राईस मिलमधलं तूस मी दर आठवड्याला सायकलवर नेऊन द्यायचो. गाव मला देवमाणूस म्हणायचं.

हिवाळा संपता संपता राहवलं नाही. म्हणालो, "भाऊ, पंप कुठं धुऊ, असं त्या शेतकऱ्यानं मलाच विचारलं होतं. भरपूर पाण्यात धुवा, म्हणालो मी."

ते मडकं भरत राहिले. "मले मालूम हाये. बिना कसुराचा दुकानदार फुकटात तूस वाहून आनते का?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तं तू शरमेनं येनं बंद केलं असतं. मंग तूस कोनं आनलं असतं, तुया बापानं?"

ते हसले. मला हसता आलं नाही.

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुकान मी बंद केलं नाही, हेही सांगायला हवं. पंप कुठे धुवायचा नाही, ते मात्र प्रत्येकाला सांगतो. काही जण ऐकतात.

त्या हिवाळ्यानंतरच्या पावसाळ्यात बोडी भरून वाहिली, पुन्हा भरली. सातातले पाच मरळ उरले होते. त्यांचं पातेलं, आमच्याकडचा गंज, माझ्या हातात देत ते म्हणाले, "तूच सोड," आणि पाठ फिरवून उभे राहिले.

मी एकेक सोडला.

"गेले?"

"गेले, भाऊ."

"तरंगले तं नाई?"

"नाही. खोलात गेले."

तरी ते बराच वेळ वळले नाहीत.