आठव्या दिवसाचं पाणी

धुळ्यात आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी यायचा. त्यामुळे घरात वारांना फारशी किंमत नव्हती. नळाचा दिवस, नळाचा दुसरा दिवस, अशी मोजणी चालायची. नळ सूं सूं करायला लागला की आई आधी घरातलं सगळं शिळं पाणी ओतून द्यायची आणि मग हंडे, कळश्या, बादल्या, कुकरसुद्धा ताज्या पाण्याने भरायची. आठ दिवस जिवापाड जपलेलं पाणी पाच मिनिटांत मोरीत. एकदा सगळं ओतून झाल्यावर नळाने नुसती हवा सोडली. तेव्हा आम्ही आंघोळीला दोंडाईच्याला मावशीकडे गेलो. आईची पद्धत काही बदलली नाही.

वडील गेले ते वैशाखात, नळाच्या सातव्या दिवशी सकाळी. घरात जेमतेम एक हंडा पाणी होतं. त्यांच्या शेवटच्या आंघोळीसाठी मला बादली देऊन शेजारी पाठवलं. मी तेरा वर्षांची होते. तीन घरं फिरले. नाही कुणीच म्हटलं नाही, पण समोरच्या काकूंनी पाणी देताना आपल्या हंड्यात किती उरलं ते वाकून पाहिलं. घरी येऊन मी ते आईला सांगितलं. सांगायला नको होतं. त्या दिवसाचं बाकी काही आईला नीट आठवत नाही, काकूंचं वाकणं मात्र आठवतं, आणि ते तिने पाहिलेलंही नाही.

पुढे मी तिला जळगावला माझ्या फ्लॅटवर आणलं. इथे टाकीचं पाणी चोवीस तास असतं. तरी बाल्कनीत तिचा निळा ड्रम आलाच. दर आठव्या दिवशी ती तो रिकामा करून पुन्हा भरायची आणि झाकणावर फडकं बांधायची. त्यातलं पाणी कुणी घ्यायचं नाही. कशाला ठेवतेस असं विचारलं की, "लागी कधी तरी," एवढंच तिच्या अहिराणीत.

गेल्या वर्षी डेंग्यूची तपासणी करणारी बाई आली. साठवलेलं पाणी ओतून टाका म्हणाली. मला निमित्तच हवं होतं. आई देवळात गेली होती तेवढ्यात मी ड्रम आडवा केला, बाल्कनी धुऊन काढली आणि वर स्वतःवर खूशही झाले. शिळं ओतायला मला तिनेच शिकवलं होतं.

आई आली. ओल्या फरशीकडे पाहत राहिली. चिडली नाही.

"मन्हं शेवटनं पाणी व्हतं ते," ती म्हणाली. "आते कोनाकडे मांगशी?"

टाकी भरलेली आहे, हे उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. मला लाज वाटली. आणि तिचा रागही आला, कारण इतकी वर्षं ती माझ्या डोळ्यांदेखत स्वतःच्या मरणाची तयारी करत होती आणि मी त्याला खोड म्हणत होते.

ड्रम त्याच संध्याकाळी भरला. आता दर आठव्या दिवशी तो मीच भरते. आई ठणठणीत आहे, माझ्यापेक्षा तिचे गुडघे बरे. तरी भरताना मला धास्ती वाटते, म्हणून मी ड्रम काठोकाठ भरत नाही. चार बोटं रिकामा ठेवते, म्हणजे तयारी पूर्ण झाली असं होत नाही.

थोड्या वेळाने आई येते. झाकण उचलून पाहते आणि स्वयंपाकघरातून तांब्या तांब्या आणून उरलेला ड्रम भरून टाकते.