ओढ्यापलीकडची शेगडी

बुधवारचा बाजार रस्त्यावरून उठवून ओढ्यापलीकडे नेला, तेव्हापासून गिऱ्हाईक फिरकेनासं झालं. मी पुलावरून पाहत होते. किती सहज म्हणतात, बाजार हलवला! पण पहाटे खुडलेली भाजी दुपारपर्यंतच तग धरते. तिला हुकूम कळत नाही.

त्या दिवशी हॉटेलातले आचारी दामूअण्णा शेगडी घेऊन थेट भाजीवाल्यांतच जाऊन बसले. मालक धावत आला.

"अण्णा, तिकडे माणसं खोळंबलीत!"

"मग इकडे पाठवा. भाजी इथं आहे, तर स्वयंपाकही इथंच होणार."

भाजीवाल्या पारूबाईंच्या चाकवताला लसणाची फोडणी बसली. वास पुलापर्यंत आला, तशी माणसं खाली उतरू लागली. शेवटी मालकही पंगतीत बसला. पारूबाईंनी हसत दुसरी जुडी सोडली.