आबांची बाज फिरवली तो दिवस

आबांचा आजार आम्ही खुद्द आबांपासून पंचेचाळीस दिवस लपवला. हा आकडा अंदाजे नाही. पाटबंधारे खात्यात कालव्याच्या पाण्याची रोजची पातळी नोंदवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळे घरच्या गोष्टीही मी तारीखवार लिहून ठेवतो. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाची ही हकिगत. नांदेडच्या डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं आणि सांगितलं, कॅन्सर फुप्फुसातून हाडात गेला आहे, उजव्या खुब्यात. आता ऑपरेशनचा उपयोग नाही, दोन ते तीन महिने धरा. मी बाहेर आलो. माझे वडील बाकावर बसले होते. "काय म्हणला डाक्टर?" त्यांनी विचारलं. "वात हाय म्हणे. औषधानं उतार पडंल," मी म्हणालो. वडिलांशी इतकं उघड खोटं मी आयुष्यात पहिल्यांदाच बोललो. आबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि नुसतं "बरं" म्हणाले.

आमचं घर शिरड शहापूरला, रस्त्याला लागून. आबा मोठे बोलके. ओट्यावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकल्याशिवाय सोडत नसत. कुणाची म्हैस व्याली, कुणाची लेक माहेरी आली, सगळी खबर त्यांना बसल्या जागी मिळे. पहिले सव्वीस दिवस ते काठी टेकत ओट्यावर येत राहिले. सत्ताविसाव्या दिवशी पाय उचलेना, तेव्हा आम्ही त्यांची बाज आत आणली. उताणं निजलं की धाप लागायची आणि उजव्या कुशीवर खुबा सोसवेना. राहिली डावी कूस.

आमच्या घराचं दार पूर्वेला. बाज मी पश्चिमेच्या भिंतीला लावली, उशी दक्षिणेला, पायथा उत्तरेला. कामावरचं होकायंत्र आणून नेमकी लावली. जिवंत माणसाचे पाय दक्षिणेला करायचे नाहीत, ती यमाची दिशा. तसं फक्त प्रेताला ठेवतात, हे आमच्या घरात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. पण अशा बाजेवर डाव्या कुशीला निजलेल्या माणसाचं तोंड भिंतीकडे होतं आणि दाराकडे पाठ. हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. आडवी लावून पाहिली, तर दार अडत होतं. तेव्हा जी दिशा बरोबर, तीच मी ठेवली.

आबा बोलायचे थांबले. कुणी भेटायला आलं की ते डोळे मिटून घेत. ज्वारीची आंबील सुरुवातीला अकरा चमचे जायची, ती चारवर आली. आई पदराने डोळे पुसायची, आणि कुणी विचारलं की "वात हाय" म्हणून सांगायची. माझी बायको एकदा म्हणाली, "आबा आपल्यावर रुसून चालले का हो?" सकाळी देवापुढे बसलो की मी सहा महिने मागायचो. आकडा ठरवून मागायचो, म्हणजे देवाला घोळ नको. पण ऐकणारं कुणी आहे का, अशी शंका त्या दिवसांत मला रोज यायची, हेही खरं लिहितो.

आबा भिंतीकडे तोंड करून निजले त्याचा तो एकोणिसावा दिवस. दुपारी एक म्हातारी दारात आली, तांड्यावरची असावी. तिने डोक्यावरचा गवताचा भारा ओट्यावर टेकवला आणि पाणी मागितलं. बायकोने तांब्या दिला. पाणी पिता पिता म्हातारीचं लक्ष आत गेलं.

"म्हातारबा भितीकडं तोंड करून काहून निजले? रुसले का?"

"डाव्याच कुशीवर निजता येतं त्यायला," मी म्हणालो.

"मंग बाज फिरव की, भाऊ."

"पाय दक्षिणेला येतेत, मावशी."

तिने तांब्या खाली ठेवला. माझ्याकडे असं पाहिलं, जसं न शिकलेल्या पोराकडे पाहतात. "औंढ्याचं आख्खं देऊळ फिरलं, अन् तुमची बाज फिरंना व्हय?" भारा उचलून ती चालू लागली.

औंढ्याची ती कथा आमच्या भागात लेकरालाही पाठ असते. नरसीचे नामदेव महाराज देवळासमोर कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना मागच्या बाजूला घालवलं, तर देऊळच फिरून त्यांच्या समोर आलं. मी ती शेकडो वेळा ऐकली होती, आणि तरी आबांची पाठ दाराकडे ठेवून एकोणीस दिवस दिशा सांभाळत बसलो होतो. मी उठलो. बायकोने न सांगता दुसरी बाजू धरली. आई मात्र घाबरली. "आरं, जित्या माणसाचे पाय तिकडं करून राहिले का रे?"

तेवढ्यात आबा बोलले. "फिरवा. यमाला काय पत्ता इचारावा लागतो व्हय?" आणि मग मला, "तुझ्या त्या डबीत यम दिसून राहिला का तुला?"

आईला रडता रडता हसू फुटलं. आम्ही बाज फिरवली. आबांच्या तोंडावर दाराचा उजेड आला, तेव्हा त्यांनी डोळे बारीक केले आणि बराच वेळ रस्ता पाहत राहिले. मग म्हणाले, "कॅन्सर हाय ना रे? मला ठावं हाय. बाकावर बसलो व्हतो तवाच तुझं तोंड पाहून समजलं. तुमी समदे खोटं बोलून राहिले, मंग मी भितीसंगं बोलत बसलो." मी त्यांच्या पायाशी बसून रडलो. ते म्हणाले, "आता लोकायला खरं सांग. ज्याला भेटायचं, त्यो येईल."

लोक आले. आबांशी जुनं भांडण झालेला त्यांचा चुलतभाऊ आला, तर आबा त्याला म्हणाले, "लवकर आलास, आजून टाइम हाय." तो खाली मान घालून हसला आणि दोन तास बसला. आंबील नऊ चमच्यांवर गेली. दुखणं मात्र कमी झालं नाही. बाज फिरवल्यावर आबा सदतीस दिवस राहिले. एकूण ब्याऐंशी. डॉक्टरांचा अंदाज बरोबर निघाला, एक दिवस वाढून मिळाला नाही. शेवटच्या सकाळी त्यांनी आईला जवळ बोलावून हळू काहीतरी सांगितलं. आईने ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

त्या म्हातारीची मी तांड्यावर दोनदा चौकशी केली. त्या दिवशी आमच्या वाटेने आलेली अशी कुणी बाई तिथे कुणाला आठवली नाही. एवढंच नोंदवतो. त्यावरून मला काही सिद्ध करायचं नाही. ती कुणीही असो, तिचे उपकार माझ्यावर आहेत. आबा आमच्याशी न बोलता गेले असते, तर तो दोष माझ्या अचूकपणाचा असता.

तेराव्यानंतरच्या सोमवारी मी औंढ्याला गेलो. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात वाकलो, हात जोडले. सवयीने काहीतरी मागावं म्हणून मन चाचपलं, पण आकडा सुचेना. दिवस देणं त्याचं, नेणं त्याचं. मधल्या दिवसांत माणसाकडे तोंड करून बसणं एवढंच माझं काम होतं, आणि तेही त्यालाच मला सांगून पाठवावं लागलं. मी तसाच उभा राहिलो. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, सरका, रांग थांबली." मी बाजूला झालो.