बादलीतले पाहुणे

टाकीवाल्या मावशींची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी गुन्हेगार होतो आणि त्या एकट्याच पोलीस, न्यायाधीश आणि तुरुंगाधिकारी होत्या. गुन्ह्याची जागा माझाच दिवाणखाना. चार मासे असलेली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन मी काचेच्या टाकीवर वाकलो होतो, इतक्यात मागून आवाज आला, "ठेवा खाली." त्या आवाजाला अख्खी पलटण शरण आली असती. मी तर एकटा होतो, आणि बनियनवर.

बायको तीन आठवड्यांसाठी बहिणीकडे गेली होती. जाताना तिने टाकी धुणाऱ्या मावशींना घराची किल्ली दिली होती आणि मला फक्त सूचना. टाकीत तिचा नऊ वर्षांचा गोल्डफिश होता, 'आजोबा'. माझ्या सासऱ्यांनी वारण्यापूर्वी तिला दिलेली ती शेवटची भेट. आजोबांना सोबत हवी, असं मला वाटलं. मला असं काही वाटलं की घरात नेहमीच काहीतरी फुटतं.

"कुठून आणले?"

"दुकानातून."

"आणि दुकानात कुठून आले?"

पिशवीवर काही लिहिलंय का, ते मी बघू लागलो. त्या म्हणाल्या, "मग बादलीत राहतील. तीन आठवडे. जाळी वेगळी, कप वेगळा, आणि हात कोपरापर्यंत धुवायचे, दादा."

नव्या पाहुण्यांची सोय न्हाणीघरात निळ्या बादलीत झाली. मावशी स्टूल ओढून बसल्या आणि अर्धा तास नुसत्या बघत राहिल्या. मीही बघितलं. मला चार मासे दिसले.

"तो मोठ्या शेपटीचा आजारी आहे," त्या म्हणाल्या.

"तो? तोच तर सगळ्यात उत्साही आहे. सारखा पळतोय."

"पळत नाही, अंग घासतोय. बादलीला खेटून गेला की कुशीवर वळतो, बघा. आणि पर मिटलेत. थंडी वाजली की तुम्ही हात काखेत घालता ना, तसे." मग मनगटावरचं घड्याळ बघत त्यांनी त्याच्या कल्ल्यांची उघडझाप मोजली. "बाकीच्यांपेक्षा दीडपट. दम लागलाय त्याला."

तिसऱ्या दिवशी त्याच्या शेपटीवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उमटले. मी न्हाणीघराच्या दारात तोंडाचा आ वासून उभा. चाळीस वर्षं चष्मा लावून मी जगाकडे बघतोय. मावशींनी बिनचष्म्याने जे आधीच पाहिलं, ते मला ठिपके मोजूनही धड दिसत नव्हतं.

हे शिकलात कुठे, असं विचारलं. पूर्वी त्या एका दातांच्या दवाखान्यात काचा पुसायच्या. तिथल्या टाकीसाठी त्यांनी एकदा हौसेने एक नवा मासा नेला आणि थेट सोडला. आठ दिवसांत बावीस मासे गेले. डॉक्टर म्हणाले, पाणी खराब होतं. "मी काही बोलले नाही," मावशी म्हणाल्या. "पण तो मासा पहिल्या दिवशीच कोपऱ्यात तोंड वर करून उभा होता. मी बघितलं होतं. मला वाटलं, लाजतोय."

पाचव्या दिवशी त्यांनी आजोबांची जाळी हातात घेतली आणि माझ्याकडे वळल्या. "ही ओली कशी?"

आदल्या संध्याकाळी बादलीतला कचरा काढायला समोर दिसली ती जाळी मी वापरली होती. खोटं बोलावंसं वाटलं. त्या डोळ्यांपुढे जमलं नाही. मावशी रागावल्या नाहीत. स्टूल उचललं आणि टाकीसमोर मांडलं. बायकोचा फोन आला, तेव्हा "आजोबा मजेत" एवढंच म्हटलं.

त्या दिवसापासून मावशी सकाळ-संध्याकाळ येऊ लागल्या. सातव्या दिवशी आजोबांनी दाणे तोंडात घेऊन परत थुंकले. मी म्हटलं, पोट भरलं असेल. मावशींनी त्याच क्षणी औषधाची बाटली उघडली. ठिपका अजून एकही नव्हता. दोन दिवसांनी सहा आले, बरोबर त्या म्हणाल्या तिथे, उजव्या पराच्या मुळाशी. मग त्या रोज थोडं पाणी बदलत, थेंब मोजत, आणि बघत. देवळात लोक बसतात त्याहून स्थिर. मी त्यांना चहा द्यायचो आणि पावलं न वाजवता निघून जायचो.

बायको आली तेव्हा आजोबांच्या अंगावर एकही ठिपका नव्हता. जाळीचं मी तिला सांगितलं. बादलीतले चारही मासे तोवर त्याच ठिपक्यांनी मेले होते.