किंग कोठी फौजेच्या अकरा पुंगळ्या

हिमायतनगरातल्या आमच्या घरामागच्या परसात निजामाच्या फौजेनं गोळीबार केला होता, ही गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. कारण तो झालाच नव्हता. पण हे मला कळेपर्यंत मी त्यावर चाळीस मिनिटांचं भाषण लिहून बसलो होतो!

तेलंगण वेगळं होणार, होणार, अशी ती वर्षं. आठवड्यातले दोन दिवस बंद. मी नुकताच रिटायर झालेलो (म्हणजे मला बंद असला काय नि नसला काय!). जो तो एकमेकाला विचारायचा, "तुम्ही नेमके कुठले?" आमच्या तीन पिढ्या हैदराबादेत गेल्या, पण हा प्रश्न आला की माझं 'इथलेच' जरा बारीक आवाजात निघायचं. काहीतरी ठणठणीत पुरावा हवा होता.

अशातच अक्काचा मुलगा अमेरिकेहून आला आणि जाताना जमिनीखालचा धातू शोधायचं यंत्र माझ्याकडे ठेवून गेला. लांब दांडा, टोकाला ताटली, कानाला हेडफोन. पहिल्या दिवशी मी खिळे शोधले. दुसऱ्या दिवशी सोड्याच्या बाटल्यांची बुचं. तिसऱ्या दिवशी सीताफळाच्या झाडाखाली ते यंत्र असं काही किंचाळलं की मीही किंचाळलो. बायको फोडणी टाकून धावत आली.

"अहो, काय चावलं?"

"इतिहास!" मी म्हणालो.

वीतभर खाली पितळी पुंगळ्या होत्या. रायफलच्या गोळ्यांच्या, रिकाम्या, बोटाएवढ्या लांब. एक नाही, दोन नाही, अकरा!

चिंच लावून घासल्या, तेव्हा प्रत्येकीच्या बुडाशी गोल फिरवून उठवलेली अक्षरं दिसली. मी दोन तास इंटरनेटवर बसलो. (एवढ्या वेळात माणूस कुठल्याही विषयाचा तज्ज्ञ होतो.) मग बायकोला समोर बसवलं.

"हे बघ. के एफ. म्हणजे किंग कोठी फौज, निजामाच्या राहत्या कोठीची! हा सात. हैदराबादेत सातवा म्हणजे कोण? सातवे निजाम! आणि इथं खाली एकोणीस. पुढचे आकडे झिजलेत, पण पुढं दुसरं काय असणार? अठ्ठेचाळीस! पोलीस ॲक्शनचं साल!"

"झिजलेत कुठं? तिथं काही नव्हतंच."

"पितळ आहे ते. झिजतं."

"माझ्या आईच्या घागरीवरचं नाव बरं झिजलं नाही इतकी वर्षं!"

मी दुर्लक्ष केलं. (संशोधकाला पहिला विरोध घरातूनच होतो.)

आता गोळ्या झाडल्या म्हणजे कुणावर तरी झाडल्या असणार. सकाळच्या चहाला माझ्या कहाणीत आमच्या वडिलांनी, अप्पांनी, परसात लपलेल्या क्रांतिकारकांना नुसतं जेवण दिलं होतं. दुपारी अप्पा स्वतःच गोळ्या चुकवू लागले. संध्याकाळी मी मराठी मंडळाच्या चिटणिसांना फोन केला, तोवर अप्पांनी प्रतिहल्ला चढवला होता! (अप्पा शाळेत गणित शिकवायचे. घरात झुरळ निघालं तर आईला हाक मारायचे.)

चिटणीस खूश! मला लगेच मंडळाच्या इतिहास समितीवर घेतलं, रविवारी व्याख्यान ठरलं. मात्र तज्ज्ञाचा दाखला असावा म्हणून ते शुक्रवारी दुपारी पोलिसांच्या शस्त्रागारातून निवृत्त झालेल्या रहीमभाईंना घेऊन घरी आले. मी बरकतपुऱ्याहून अक्कालाही बोलावून घेतलं. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. अप्पांच्या शौर्याची तिला निदान कुणकुण तरी असेल!

मी सगळा इतिहास सांगितला. रहीमभाईंनी तो शांतपणे ऐकला. मग एक पुंगळी उचलली, अंगठ्यानं अर्धी गिरकी दिली आणि म्हणाले, "साब, ये उन्नीस नक्को पढ़ो. उल्टा पकड़के बैठे आप! एकसठ है."

मी चष्मा पुसला. एकसष्टच होतं.

"और के एफ बोले तो खडकी की फॅक्टरी. सात गोली का नमूना है, साब. निजाम सरकार का नंबर नहीं."

चिटणिसांनी घसा साफ केला. "मग एकसष्ट सालानंतर तुमच्या परसात गोळीबार कुणी केला?"

"त्याचंही संशोधन करू!" मी म्हणालो. (माघार आमच्या रक्तात नाही.)

अक्का मघापासून पुंगळ्यांच्या तोंडात डोकावत होती. तिनं केसातला आकडा काढला आणि एका पुंगळीत घालून टोकरलं. टेबलावर टुपकन लाल पेन्सिलीचा पाऊण इंचाचा तुकडा पडला.

"विन्या!" अक्का ओरडली.

या नावानं मला हाक मारणारी माणसं आता फार उरलेली नाहीत.

"अप्पांच्या शाळेतले कवायतीचे मास्तर चांदमारीच्या, म्हणजे नेमबाजीच्या, मैदानावरून ह्या आणून द्यायचे. पेन्सिल बोटात धरवेना इतकी लहान झाली की अप्पा ती ह्यात खोचून तुला द्यायचे. आणि तू दर आठवड्याला 'हरवली' म्हणून यायचास!"

मला लख्ख आठवलं. तिसरीतली पोरं मला 'कारतूस' म्हणायची. नवी पेन्सिल मिळावी म्हणून मी एकेक पुंगळी सीताफळाखाली पुरत होतो.

"आणि अप्पांनी विचारल्यावर काय सांगितलंस? अक्कानं भंगारवाल्याला देऊन लिमलेटच्या गोळ्या खाल्ल्या! त्या दिवाळीला माझं नवं परकर-पोलकं गेलं!"

"अक्का, मी लहान होतो गं..."

"खोटं बोलायला बरा मोठा होतास!"

"बस, केस हल हो गया," रहीमभाई चहा ओतत म्हणाले.

रविवारचं व्याख्यान रद्द करता येईना. ते अक्कानं दिलं. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. (पळून जाऊ नये म्हणून शेजारी बायको!) लोक डोळे पुसत हसले. शेवटी ती म्हणाली, "अप्पांनी कुणावर गोळी झाडली नाही, की कुणाची चुकवली नाही. पण अख्खा जन्म ह्या गावातल्या पोरांच्या वह्या तपासल्या, त्याही असल्या पेन्सिलींनी." 'आम्ही कुठले' हे मला चाळीस मिनिटांत सांगता आलं नसतं, ते तिनं दोन वाक्यांत सांगून टाकलं.

टाळ्या संपल्यावर मंडळानं आम्हा दोघांचाही मान राखला. अक्काला शाल दिली. मला नारळ दिला, इतिहास समितीतून!