ज्वारीच्या पातींचा क्रूस

माझी सून आयर्लंडची. लग्न ठरलं तेव्हा मुलानं चाचरत सांगितलं, "आई, ती चर्चला जात न्हाय. येशूच्या आधीचे त्यांचे जुने देव मानते. झाडं, पाणी, विस्तव."

"मग आपल्यातलीच की! उगंच घाबरवलंस," मी म्हटलं.

तिच्या आईला मात्र हे पचलं नव्हतं. विहीणबाई भाविक, एक रविवार चर्च न चुकवणाऱ्या. मायलेकी तीन वर्षं धड बोलल्या नव्हत्या. यंदा विहीणबाई पहिल्यांदाच सोलापूरला आल्या, आणि मी देवाला सांगून ठेवलं, ह्या दोघी शेजारी बसलेल्या दिसू देत, बाकी काही नको.

फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला त्यांच्याकडे एका संतबाईंचा सण असतो. लव्हाळ्याचा क्रूस विणून दारावर लावतात, घर राखतो म्हणे. त्याच नावाची त्यांची जुनी देवीही होती. सून विणते ती देवीसाठी. इथे लव्हाळं कुठलं, म्हणून करकंबच्या भावाकडून मी ज्वारीच्या ओल्या पाती मागवल्या होत्या. सकाळी ती विणायला बसली आणि विहीणबाईंचा चेहरा उतरला.

"संत मानत नाहीस, मग तिचा क्रूस कशाला?"

"संत व्हायच्या आधी ती देवी होती."

माझ्यासाठी भाषांतर करून करून मुलाला घाम फुटला. सून अर्धा क्रूस टाकून स्वयंपाकघरात गेली. विहीणबाई खिडकीशी जाऊन बसल्या.

मला राग आला. संध्याकाळी माझं संक्रांतीचं हळदीकुंकू, आणि यंदा वाण म्हणून हेच क्रूस वाटायचे मी सगळ्यांना सांगून बसले होते! "देवी असू दे न्हायतर संत, बायका यायच्या त्या येणारच!" असं ओरडून मी स्वतःच चटईवर बसले आणि पाती ओढल्या. आपण चटई विणतो तशी, एक वर, एक खाली. क्रूस कसला, पत्रावळ व्हायला लागली.

दोघींना ते बघवेना. सून स्वयंपाकघरातून आली, विहीणबाई खिडकीपासून उठल्या, आणि दोघींचे हात एकदमच माझ्या हातातल्या पातीवर पडले. अंगठ्यानं मध्य दाबायचा, पात दुमडायची, क्रूस पाव फेरा फिरवायचा. दोघींची तीच लकब. दुमडण्याआधी जिभेला बोट लावायचं तेसुद्धा तेच.

"तुला कुणी शिकवलं गं?" मी सुनेला विचारलं. तिनं मान वर न करता आईकडे बोट दाखवलं.

मग चार वाजेपर्यंत आम्ही तिघी विणत होतो. मला इतकं बरं वाटत होतं की दुपारच्या जेवणाचीही आठवण झाली नाही.

तयार क्रूसांना मी सवयीनं हळदीकुंकू लावलं आणि मग जीभ चावली. दोघींकडे चोरून पाहिलं. दोघी पुढचे क्रूस माझ्यापुढे सरकवत होत्या.

संध्याकाळी सून एकेकीला वाण देत होती. शेजारच्या विणकर घरातल्या काकू म्हणाल्या, "लई झ्याक हाय की! दाराला बांधू व्हय?" सगळ्या पदर पसरून घेत होत्या, आणि विहीणबाई कोपऱ्यातून टक लावून बघत होत्या.

शेवटी एक क्रूस उरला. तो घेऊन सून आईसमोर उभी राहिली. विहीणबाईंना पदर कुठला? त्यांनी झग्याचा घेर दोन्ही हातांनी धरला आणि लेकीपुढे पसरला.